विकाऊ घरातला संसार

रिकामं घर गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, हे मला भाऊंनी शिकवलं. कुलूप काढून आत गेलं की आवाज घुमतो, आणि आवाज घुमला की माणसाच्या मनात शंका येतात. इथे कुणी का राहत नाही, आधीचे का गेले, नळाला पाणी येतं का. तेच घर, त्याच भिंती, पण ओट्यावर कुकर आणि दोरीवर दोन फ्रॉक असतील तर त्याच माणसाला वाटतं, आपण उशीर केला, हे तर कुणाला तरी आधीच आवडलंय. भाऊ म्हणायचे, "लोकं घर नाही घेत गा, दुसऱ्याचा संसार पाहून घेते." आमचा संसार असा पुष्कळ लोकांनी पाहून घेतला.

दिवाळी अंकात लिहावं असं माझ्यात काही नाही. आठवीत शाळा सुटली. आमच्या एका घरात भाड्याने राहिलेल्या बाई आता या अंकाचं काम बघतात, त्यांनी आग्रह धरला, आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही. हा जुना आजार आहे. शुद्धलेखन त्या सुधारतील. कुठे कडू झालं असेल तर ते मात्र राहू द्या, असं त्यांना सांगितलंय.

मी कोकणातला, लांज्याकडचा. वडील गेल्यावर मामांनी नागपूरजवळ कोराडीला आणलं. मामा वीज केंद्रात हेल्पर होते, वसाहतीत त्यांचं क्वार्टर होतं. लाल मातीतून आलेला मी, पहिल्याच दिवशी धुतलेला सदरा दोरीवर घातला आणि वाळला तेव्हा त्याच्यावर राखेचा थर. मामी म्हणाल्या, झटकायचं आणि घालायचं, इथं असंच असतं. मामांनी मला एका रंगाऱ्याच्या हाताखाली लावलं. गावी जायचं म्हणजे गाड्या बदलत दोन दिवस. पुढच्या वर्षी जाऊ म्हणत राहिलो आणि तिकडचं सगळं एकेक करून संपलं.

भाऊंची गाठ पडली ती नागपुरात, प्रतापनगरच्या एका घराचा रंग चालू असताना. मामा रिटायर होऊन गावाकडे गेले होते, मला राहायला जागा नव्हती, म्हणून मी त्याच घरात झोपत होतो. कुणी विचारलं तर काय सांगायचं या भीतीने रोज सगळ्या फरश्या पुसून ठेवायचो. घरमालक, म्हणजे भाऊ, एकदा सकाळीच येऊन बघतात तर काम अर्धवट आणि फरशी आरशासारखी. मी भीतीनं पुसली होती, त्यांना ती निष्ठा वाटली. त्यांनी मला ठेवून घेतलं. तेव्हापासून मी त्यांचा "कोकण्या". खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे, पण माझं लग्न त्यांनी जमवलं, सुजाताच्या जन्माच्या वेळी माझ्या बायकोला, वंदनाला, दवाखान्यात त्यांच्याच गाडीतून नेलं, पोरीच्या शाळेत स्वतः येऊन बोलले. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण पुढे जे लिहीन त्यामुळे हे खोटं ठरत नाही. खोटं ठरलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

आमचा धंदा बाहेरच्या माणसाला दलालीसारखा वाटतो, पण तो वेगळा. भाऊंचं मूळ दुकान बी-बियाण्यांचं. तिथला पैसा ते घरांत घालत. दोन भावांचं भांडण लागलेलं घर, पुण्याला मुलाकडे निघालेल्या म्हाताऱ्यांचं घर, कर्जात अडकलेलं घर, अशी घरं शोधायची. त्यांचा एक नियम होता. घर पावसाळ्यात घ्यायचं आणि दिवाळीनंतर विकायचं. पावसाळ्यात छत गळत असतं, भिंतीला ओल फुटलेली असते, मालक ओशाळलेला असतो. थंडीत नागपूर इतकं गोड असतं की छत आणि ऊन दोन्हींचा माणसाला विसर पडतो. मधल्या महिन्यांत आम्ही घर उभं करायचं. मिस्त्री, प्लंबर, वायरिंगवाला, सुतार सगळे माझ्या अंगावर.

खर्च कुठे करायचा याचाही नियम होता. गिऱ्हाईक चपला काढतं तिथपासून ओट्यापर्यंत जी वाट आहे, खर्च त्या वाटेवर. दाराची पॉलिश, हॉलची फरशी, ओट्याचा काळा दगड, चकचकीत नळ. वाटेबाहेर जेवढ्यास तेवढं. मागच्या भिंतीला कुणी हात लावत नाही, गच्चीवर दहातला एक जातो. मला हे टोचायचं, पण मी बोलायचो नाही. भाऊंना बाजार कळत होता, मला फक्त भिंती कळत होत्या.

भाव यायचा असेल तर घर भाड्याने देऊन थांबायचं. मग तेही माझ्याकडे. मिहानमधल्या कंपन्यांतली पोरं, कोराडी-मौद्याच्या वीज केंद्रांतले इंजिनिअर, क्लासची मुलं. ऊन तापलं की पहिला फोन पाण्याचा आणि दुसरा कूलरचा. आमच्याकडे घराला एक खिडकी कूलरची असावी लागते, ती नसली तर भाडेकरू स्वतःच गज कापून मोकळा होतो. एका पोट्ट्याने कूलरच्या टाकीत मासे पाळले होते, डास होऊ नयेत म्हणून. खोली सोडताना मासे मला देऊन गेला आणि बजावून गेला की यांना कूलरच्या खसच्या वासाची सवय आहे, साध्या पाण्यात टाकू नका.

गिऱ्हाइकंही एकेक. एक गृहस्थ खिशात काचेची गोटी घेऊन फिरायचे. प्रत्येक खोलीत ती फरशीवर सोडायची आणि कुठे जाते ते बघत बसायचं. गोटी कपाटाखाली गेली की मी पालथा पडून काढायचो. एक जोडपं दर रविवारी यायचं. जिथे आमचं घर विकायला निघेल तिथे ते हजर. बाई ओट्याची उंची हाताने बघायची, नवरा म्हणायचा इथे टीव्ही ठेवू, इथे आईची खाट. भाऊंनी त्यांना ओळखून ठेवलं होतं, हे घेणारे नाहीत, यांना चहाही विचारू नको. मी विचारायचो. त्यांना नाद होता, आणि तो नाद कसला असतो ते मला कळत होतं.

आता मूळ गोष्ट. लग्न झालं तेव्हा भाऊंनी आम्हाला नंदनवनच्या एका घरात राहायला सांगितलं. काम चालू होतं, राखण होईल, भाडं वाचेल. वंदना कळमेश्वरची. तिचे वडील तिथल्या औद्योगिक वसाहतीत होते. ती बोलायला फटकळ, पण त्या दिवसांत खूष होती, एवढं मोठं स्वयंपाकघर तिने पाहिलं नव्हतं. एकदा अचानक गिऱ्हाईक आलं तेव्हा ती वांगं भाजून फोडणी टाकत होती. गिऱ्हाइकाची बायको सगळं घर सोडून ओट्याशी उभी राहिली, गप्पा मारू लागली, आणि जाताना नवऱ्याला म्हणाली, हेच घ्यायचं. भाऊ माझ्याकडे बघत होते. माणसाला नवीन वाण सापडावं तसे बघत होते.

तिथून पद्धत पडली. घर तयार व्हायला आलं की आम्ही त्यात राहायला जायचं, विकलं की पुढच्या घरात. भाऊ गिऱ्हाईक घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले की वंदनाला मिस कॉल द्यायचे. मिस कॉल आला की फोडणी. कांदा-लसूण नाही, त्याने काही लोक नाक मुरडतात, जिरं-हिंगाची. दारात रांगोळी, अंगणात तुळस. दोरीवर कपडे मोजके आणि धुवट. सुजाताचं दप्तर टेबलावर. भिंतीला खिळा मारायचा नाही, नवा रंग जातो. ओट्यावर डाग पडता कामा नये. दूध तापवताना वंदनाने भांड्यापासून हलायचं नाही, कारण काळ्या दगडावर उतू गेलेल्या दुधाचा डाग बसतो आणि गिऱ्हाइकाची बायको पहिली नजर तिथेच टाकते. आमची पोर लहानपणापासून हळू चालायला शिकली. मैत्रिणींना सांगायची, आमचं घर बदलतं. त्या समजायच्या, वडील मोठे साहेब असतील.

आणि एक गोष्ट. आम्ही बौद्ध. मीही आणि वंदनाही. माझं आडनाव कोकणातलं, इकडे त्याच्यावरून कुणाला काही कळत नाही. भाऊंना अर्थातच माहीत होतं. ते आमच्याकडे जेवायचे, वंदनाच्या हातची झुणका-भाकर मागून खायचे. पण बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो गिऱ्हाइकाच्या दिवशी कपाटात. भाऊ म्हणाले होते, "मले काही नाही गा. गिऱ्हाइकाचं सांगता येत नाही." कुणी चौकशी केली तर ते म्हणायचे, हे आपले घरचेच लोक हायेत. मला ते 'घरचेच' ऐकून बरं वाटायचं. तुळशीला पाणी घालताना वंदना म्हणायची, "हे तुमच्या भाऊची बाई हाये, मी नाही हिची कोणी." पण पाणी घालायची. झाडाने काय केलंय, म्हणायची.

मग गोधनीचं घर आलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे हातभर अंगण आणि सीताफळाचं एक झाड. गल्लीच्या अगदी शेवटी, छत खराब, भिंती पोकळ झालेल्या. भाऊंनी दुसऱ्या सौद्यात जोडून घेतलं होतं. आम्ही दोघं गच्चीवर उभे होतो, छताला पडलेल्या भेगेत माझी करंगळी जात होती. भाऊ म्हणाले, "याचं काही येत नाही कोकण्या. हे राहू दे. हे वंदनाले देऊन टाकू."

घरी येऊन सांगितलं तेव्हा वंदनाने परत परत विचारलं, नेमकं काय म्हणाले, 'देऊ' की 'देऊन टाकू'. पुढच्या वेळी भाऊ जेवायला आले तेव्हा तिने त्यांच्या तोंडून ऐकून घेतलं. "हो वं बाई, तुयंच हाये ते," म्हणाले, "आता पोळी वाढ."

ते घर मी जसं केलं तसं आयुष्यात दुसरं केलं नाही. चपलांपासून ओट्यापर्यंतची वाट सोडून दिली आणि उलटं सुरू केलं. आधी गच्ची. जुना कोबा सगळा उखडला, भेगा भरल्या, विटांचे तुकडे घालून नवा कोबा ढाळ देऊन केला, पाणी तुंबवून ठेवून बघितलं. भिंतींचा गिलावा विटेपर्यंत काढला. न दिसणारे पाइप बदलले. मागची भिंत, जिला कुणी हात लावत नाही, तिला पुढच्याइतकाच गुळगुळीत हात मारला. दिवसभर भाऊंची कामं आणि उरलेल्या वेळात हे. सिमेंट भाऊंचं, हात माझे. मिस्त्री थट्टा करायचा, साहेब, याच्यात मुंग्या पण भाडं देऊन राहतील. वंदनाने स्वयंपाकघराचा रंग स्वतः निवडला. सुजाताला मागच्या खोलीत खिडकीशी जागा झाली, ती बारावीचा अभ्यास तिथे करायची. मी हॉलच्या भिंतीत खिळा मारला. मारताना हातोडी दोनदा चुकली, इतकी सवय गेली होती. त्यावर फोटो लागला.

आता विचार केला की वाटतं, आमच्यासारख्यांनीच करावी अशी ही चूक. घर जसं होतं तसं ठेवलं असतं तर ते आमचं राहिलं असतं. कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण मला घर विकण्याजोगं करण्यापलीकडे काही येत नव्हतं आणि वंदनाला ते राहतं ठेवण्यापलीकडे. आम्ही आमच्याच हाताने त्याला बाजारात नेऊन उभं केलं.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारची वेळ, मी जेवायला घरी आलो होतो. वंदनाचा फोन एकदा वाजून बंद झाला. तिने बघितलं आणि मला दाखवला. भाऊंचा मिस कॉल. इतकी वर्षं त्याचा एकच अर्थ होता. मी म्हटलं, चुकून लागला असेल. ती म्हणाली, भाऊच्या हातून चुकून काही लागत नाही.

बाहेर गाडी वळल्याचा आवाज आला. तिने कढईत तेल घातलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "टाकू का?"

जिऱ्याची चिमूट तिच्या बोटांत होती. मी म्हटलं, "टाक." आणि हॉलमध्ये जाऊन फोटो उतरवला.

आलेली माणसं चांगली होती, हे मला सांगितलंच पाहिजे. काळबांडे साहेब आणि त्यांच्या पत्नी. साहेब कोराडीच्या केंद्रातून रिटायर होत होते, क्वार्टर सोडायचं होतं. ते सरळ गच्चीवर गेले, कठड्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. सगळं आयुष्य राखेत गेलेला माणूस, त्याला फक्त राख नको होती. बोट स्वच्छ होतं. मग त्यांनी कोबा बघितला, टाच आपटून बघितली आणि विचारलं, हे कोणी केलं? भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

खाली काळबांडेबाई वंदनाला म्हणत होत्या, "किती निगुतीनं ठेवलं वं तुमी. मले असंच पाह्यजे होतं." हॉलमधल्या खिळ्यावर त्यांचं लक्ष गेलं. इथं काय होतं? मी म्हटलं, घड्याळ. साहेबांनी जाताजाता भाऊंना विचारलं की या लोकांची काही सोय आहे ना, नाहीतर आम्ही दोन महिने थांबतो. तेव्हा भाऊ हसून म्हणाले, "यायचं काय? यायले घरांची कमी हाये का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊंच्या दुकानात गेलो. बियाण्यांच्या पोत्यांमध्ये उभं राहून काय काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं. तोंडातून एवढंच निघालं की भाऊ, ते घर तुम्ही वंदनाला म्हणाला होता.

"मी नाही म्हणून राहिलो का?" भाऊ म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट समजावणी होती. "देईन ना. पुढचं देईन. हे तू एवढं झकास बनवून ठेवलं गा. मोडकं असतं तर कोणी घेतलं असतं का? आता भाव आला तर मी काय करू, सांग."

मी म्हटलं, हो भाऊ. त्यांनी चहा मागवला. मी प्यायलो. आमच्यासाठी त्यांनी मानेवाड्याचं घर बघून ठेवलं होतं, काम सुरू व्हायचं होतं, ओटा बसला होता. 'ओटा बसला' असं त्यांनी दोनदा सांगितलं, मला धीर यावा म्हणून.

सौदा झाल्यावर घराला मध्ये कुलूप लागू नये, बंद घरात पूजा करणं बरं नव्हे, असं भाऊंनीच काळबांड्यांना सुचवलं. म्हणून वास्तुपूजेच्या दिवसापर्यंत आम्ही तिथेच. सामान बांधून मागच्या खोलीत ठेवलं. दुपारी टेम्पो येणार आणि आम्ही मानेवाड्याला जाणार असं ठरलं. पूजेला मंडप, पाव्हणे, कोराडीच्या वसाहतीतली माणसं. आम्हाला निघून जाता आलं असतं, पण बाईंनी वंदनाला हाताला धरून आत नेलं. नव्या शेगडीवर दूध तापवायचं होतं. नवीन घरात पहिलं दूध उतू जाऊ देतात, समृद्धी ओसंडावी म्हणून, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाई म्हणाल्या, "या ओट्याले तुमी जीव लावला. दूध तुमीच ठेवा." मनापासून म्हणाल्या. त्या बाई एक चांगली गोष्ट करत होत्या, आणि चांगल्या गोष्टीची मला तेव्हापासून जास्त भीती वाटते.

वंदनाने पातेलं ठेवलं. बायका भोवती उभ्या, भाऊ दारात, मी त्यांच्या मागे. दूध वर यायला लागलं. कडेला फेस आला, फुगला, काठाच्या वर टेकडीसारखा उभा राहिला. कुणीतरी हळद-कुंकवाचं ताट पुढे केलं. आणि वंदनाचा हात गेला आणि तिने गॅस बंद केला.

दूध खाली बसलं. एक थेंब ओट्यावर पडला नाही.

तिने मुद्दाम केलं नव्हतं. मी तिच्या चेहऱ्यावरून सांगतो, ती स्वतःच्या हाताकडे बघत होती, दुसऱ्याचा असावा तसा. इतक्या घरांत, इतकी वर्षं, दूध काठाला आलं की हात जाणारच. डोक्याला विचारून जात नाही तो. आणि ही सवय लावणारा माणूस दारात उभा होता.

काळबांडेबाईंचा चेहरा उतरला. कोणी म्हातारी मागून काहीतरी पुटपुटली. बाईंनी विचारलं, "तुमच्यात नसते का वं हे?"

"आमच्यात नाही करत, वहिनी," वंदना म्हणाली. "पण मले मालूम होतं."

"आमच्यात म्हंजे?"

"आमी बौद्ध."

ती हे हळू म्हणाली नाही आणि मोठ्यानेही नाही. पत्ता सांगावा तसं म्हणाली. मी भाऊंकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते, मीच केलेल्या.

कुणी वाकडं बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, असं वंदना अजून म्हणते. गुरुजी म्हणाले, दुसरं दूध ठेवा. बाईंच्या जाऊबाई पुढे झाल्या, पातेलं उचललं, शेगडी ओल्या फडक्याने पुसली, जिथे वंदनाचा हात होता ते बटणसुद्धा पुसलं, आणि नवं भांडं मागवलं. काळबांडे साहेब म्हणाले, असू द्या ना, त्याने काय होतं, पण ते बायकोकडे न बघता म्हणाले आणि लगेच गच्चीवर निघून गेले. बाईंना राग दुधाचा आला की दुसऱ्या कशाचा, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांना स्वतःला तरी सांगता येईल की नाही, शंकाच आहे. दुसरं दूध ओट्यावरून खाली फरशीपर्यंत ओघळलं. सगळ्यांनी हात जोडले. वंदना भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे काळ्या दगडावरच्या त्या डागावर होते, आणि मला माहीत आहे, तिला तो पुसायचा होता.

मी आणि सुजाता सामान बाहेर काढत होतो तेव्हा भाऊंनी मला सीताफळाखाली बोलावलं.

"कायले सांगितलं तिनं?" म्हणाले. "चूप राहाचं होतं."

"भाऊ, त्यांनी विचारलं."

"इचारलं म्हणून काय झालं? लोकं तर काहीबी इचारते." मग जरा थांबून, माझा दंड धरून म्हणाले, "मले काही नाही गा. तुया घरी जेवलो मी. पण मी यायले 'आपलेच' म्हणून सांगितलं होतं. गोष्ट फिरते. मानेवाड्याले जाणं काही दिवस राहू दे. पाहू मग."

मी म्हटलं, हो भाऊ. हे मी का म्हटलं ते मला विचारू नका. त्यांनी मला पुसलेल्या फरशीवर पकडलं होतं आणि हाकलून दिलं नव्हतं, त्या सकाळचं ते 'हो' होतं. ते संपतच नव्हतं.

टेम्पो आला. कपाट, गाद्या, कुकर, पेट्या सगळं चढलं. तुळस भाऊंची होती, ती राहिली. टेम्पोवाला ओळखीचाच होता, आमची कितीतरी घरं त्यानेच हलवली होती. त्याने सवयीने भाऊंना विचारलं, कुठं घ्यायचं भाऊ? दरवेळी पत्ता तेच सांगायचे. या खेपेला ते चपला शोधत होते. पाव्हण्यांच्या ढिगात त्यांची एक चप्पल मिळत नव्हती आणि ते वाकून शोधतच राहिले.

सुजाता पुढे बसली होती. वंदना तिच्या शेजारी चढली, दार ओढून घेतलं आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, "कळमेश्वरले घे." तिथे तिचा भाऊ राहतो, पत्र्याच्या दोन खोल्यांत. त्याला तिने फोनही केलेला नव्हता. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून मला म्हणाली, "तुमी येता, का तुमच्या भाऊसंगं राहता?"

भांडायला म्हणून नाही. खरंच विचारत होती.

मी मागे वळून बघितलं. भाऊंना चप्पल सापडली होती, ते सरळ उभे राहिले होते, आणि मी काय करतो याकडे बघत होते. मला वाटलं, हे आता काहीतरी सांगतील. मी थांबलो सुद्धा. एवढं झाल्यावरही मी त्यांनी सांगण्याची वाट बघत उभा होतो, हे लिहिताना मला माझी जेवढी चीड येते तेवढी त्यांची येत नाही.

टेम्पोवाल्याने गाडी सुरू केली. पुढे जागा नव्हती. कपाट आणि गाद्यांच्या मध्ये एका माणसाला उभं राहता येईल एवढी फट होती. मी फळीला धरून तिथे चढलो.